परवान्याची फाइल आहे, तरी ‘परवाना अस्पष्ट’ असे का दिसते?

मुक्तस्रोत प्रकल्पांची बांधणी आणि प्रकाशन सांभाळताना जी तक्रार माझ्याकडे सर्वांत जास्त वेळा आली, ती कोडमधल्या दोषाची नव्हती. ‘आम्ही परवाना लिहिला आहे, तरी समोरचे लोक म्हणतात की परवाना स्पष्ट नाही’, अशी ती तक्रार असते. प्रकल्प बदलतो, भाषा बदलते, माणसे बदलतात. बिघाड मात्र बहुतेक वेळा तोच निघतो. परवाना एकाच ठिकाणी लिहिला जातो असा आपला समज असतो, प्रत्यक्षात तो चार-पाच ठिकाणी लिहिला जातो: रेपॉझिटरीच्या (प्रकल्पाच्या सर्व फाइली आणि त्यांचा इतिहास ठेवलेल्या कोठाराच्या) मुळाशी असलेल्या परवान्याच्या फाइलीत, रीडमीमध्ये (प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या फाइलीत), पॅकेजची माहिती देणाऱ्या फाइलीत, प्रत्येक स्रोत-फाइलीच्या माथ्यावर आणि वापरणाऱ्याच्या हाती पडणाऱ्या तयार पॅकेजात. ही ठिकाणे वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या माणसांनी, बहुधा घाईत, भरलेली असतात आणि काही महिन्यांत ती एकमेकांशी विसंगत बोलू लागतात.

या लेखात परवाने, फाइली आणि आज्ञा यांची नावे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष प्रकल्पात ती रोमन अक्षरांत, ठरलेल्या स्पेलिंगनेच लिहावी लागतात. तिथे एक आडवी रेघ चुकली तरी यंत्र ते नाव ओळखत नाही.

लक्षणे

पुढीलपैकी एक जरी गोष्ट दिसत असेल, तरी तपासणी करणे योग्य ठरेल.

– गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाच्या उजव्या पट्टीत परवान्याचे नाव न येता नुसते ‘व्ह्यू लायसन्स’ असे येते किंवा काहीच येत नाही. एपीआयला (प्रोग्रॅममधून प्रश्न विचारण्याच्या सोयीला) विचारल्यास ‘नो-असर्शन’ हे उत्तर मिळते.

– जावास्क्रिप्टची पॅकेजे हाताळणारे एनपीएम हे साधन पॅकेज बसवताना किंवा प्रकाशित करताना परवान्याच्या रकान्यात वैध एसपीडीएक्स नाव (परवान्यांच्या प्रमाणित यादीतले नाव) नसल्याचा इशारा देते.

– गो भाषेच्या पॅकेज-संकेतस्थळावर तुमच्या पॅकेजचे पान उघडते, पण त्याचे दस्तऐवज दाखवले जात नाहीत. परवाना ओळखता आला नाही, तर ते संकेतस्थळ दस्तऐवज मुद्दाम झाकून ठेवते.

– रस्ट भाषेच्या क्रेट्स डॉट आयओ या पॅकेज-भांडाराने प्रकाशनच नाकारले.

– तुमचे पॅकेज वापरू इच्छिणाऱ्या कंपनीच्या स्कॅनरने (परवाने शोधणाऱ्या साधनाने) एकाच पॅकेजसाठी दोन किंवा तीन वेगवेगळे परवाने दाखवले आणि तिथल्या कायदा विभागाने ई-मेल पाठवून खुलासा मागितला.

– डेबियन किंवा फेडोरा या लिनक्स-वितरणांसाठी पॅकेज बांधणाऱ्या स्वयंसेवकाने ‘या तीन फाइलींचा परवाना नेमका कोणता?’ असे विचारले आणि तुम्हाला लगेच उत्तर देता आले नाही.

शेवटचे लक्षण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. यंत्राचा इशारा अनेकदा नुसत्या मजकुराच्या मांडणीमुळे आलेला असतो. डेबियनचा स्वयंसेवक मात्र फाइली एकेक करून वाचतो, आणि त्याला शंका आली असेल तर तिथे बहुधा खरेच काहीतरी असते.

पहिली तपासणी: फाइल आहे का, आणि जागेवर आहे का

हे काम दोन मिनिटांचे असून त्याला खर्च काही नाही. रेपॉझिटरीच्या मुळाशी, म्हणजे कोणत्याही उपफोल्डरमध्ये नव्हे, ‘लायसन्स’, ‘लायसन्स डॉट टीएक्सटी’ किंवा जीएनयू परंपरेतील ‘कॉपिंग’ या नावाची फाइल असावी आणि ती मूळ शाखेवर (कोडच्या मुख्य प्रवाहात) असावी. गिटहब परवाना शोधते ते प्रकल्पाच्या मूळ शाखेवर. ‘डेव्हलप’ शाखेवर फाइल टाकून ‘मेन’मध्ये ती विलीन करायचे राहिले, हा प्रकार मी एकाहून अधिक वेळा पाहिला आहे. फाइल ‘डॉक्स’ फोल्डरमध्ये ठेवणे हा दुसरा नेहमीचा प्रकार.

फाइल नसेल तर काय बिघडते, असा प्रश्न नवे लोक विचारतात. कोड सर्वांना दिसतो आहे, मग तो मोकळाच नाही का? तो मोकळा नसतो. भारताच्या कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे संगणक-प्रोग्रॅम ‘साहित्यकृती’च्या व्याख्येत येतो, आणि कृती निर्माण झाली की नोंदणी न करताही हक्क लेखकाकडे येतो. कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारातील देशांमध्ये हेच तत्त्व आहे. त्यामुळे परवाना लिहिलेला नसेल, तर कायद्याच्या दृष्टीने सर्व हक्क राखून ठेवलेले असतात. गिटहबच्या वापर-अटींमुळे इतरांना सार्वजनिक रेपॉझिटरी पाहता येते आणि गिटहबच्या आत तिचा फोर्क, म्हणजे स्वतःची प्रत, घेता येतो, परंतु तो कोड आपल्या उत्पादनात वापरण्याची किंवा बदलून वाटण्याची परवानगी त्यातून मिळत नाही.

रीडमीत ‘एमआयटी परवाना’ (हा एक छोटा, उदार परवाना) एवढे दोन शब्द असतील तर हेतू कळतो, पण अटींचा मजकूर कुठेच नसतो. ज्याला तो कोड वापरायचा आहे, त्याला ‘ही सूचना सोबत ठेवा’ ही अट पाळायची झाली, तर सोबत ठेवायला सूचनाच सापडत नाही.

दुसरी तपासणी: मजकूर अखंड आहे का

फाइल जागेवर आहे, तरीही नाव दिसत नाही, असे असेल तर फाइलीत कोणीतरी हात घातलेला असतो. गिटहबवर परवाना ओळखण्याचे काम ‘लायसन्सी’ नावाचा, रूबी भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम करतो. तो तुमच्या फाइलीतला मजकूर आणि ज्ञात परवान्यांचे मूळ मजकूर यांच्यातील शब्दसाम्य मोजतो. साम्य ९८ टक्क्यांच्या खाली गेले तर तो नाव सांगत नाही. कॉपीराइटची ओळ, म्हणजे वर्ष आणि नाव, या तुलनेतून वगळली जाते. त्यामुळे ‘आम्ही संस्थेचे नाव टाकले म्हणून ओळख पटत नसेल’ ही समजूत चुकीची आहे.

एका मराठी शब्दसंग्रहाच्या प्रकल्पात हा बिघाड मी समोर बसून शोधला. फाइलीच्या सुरुवातीला एका उत्साही सहकाऱ्याने सहा ओळींचा मराठी सारांश लिहिला होता: ‘हे सॉफ्टवेअर कोणीही वापरू शकतो, बदलू शकतो, मात्र आमचा उल्लेख करावा.’ हेतू उत्तम, भाषाही नेटकी. पण एमआयटीचा मूळ मजकूरच जेमतेम पावणेदोनशे शब्दांचा आहे. त्यावर सहा ओळी आल्या आणि साम्य कोसळले. आम्ही तो सारांश जसाच्या तसा रीडमीत हलवला, फाइलीत मूळ इंग्रजी मजकूर तेवढा ठेवला, आणि बदल ‘मेन’वर चढताच उजव्या पट्टीत नाव दिसू लागले. हा केवळ यंत्राला खूष करण्याचा भाग नाही. ‘उल्लेख करावा’ म्हणजे कुठे करावा, ॲपच्या पडद्यावर की फाइलीत, हे त्या सारांशावरून ठरत नव्हते; मूळ मजकूर आणि सारांश यांत विसंगती निघाली तर कोणते शब्द बंधनकारक मानायचे, हा वाद आपण विनाकारण ओढवून घेत होतो. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनही आपल्या जीपीएल या परवान्याचे भाषांतर अनधिकृतच मानते. बंधनकारक असतो तो इंग्रजी मजकूर.

याच तपासणीत आणखी काही गोष्टी पाहून घ्याव्यात. अपाची २.० या परवान्याच्या शेवटी एक परिशिष्ट आहे, त्यात वर्ष आणि मालकाचे नाव यांसाठी रिकाम्या जागा आहेत. त्या जागा परवान्याच्या फाइलीत भरायच्या नसतात. ते स्रोत-फाइलींच्या माथ्यावर लावायच्या टिपेचे नमुने आहेत. एलजीपीएलची तिसरी आवृत्ती ही जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीवर दिलेल्या जादा परवानग्यांच्या रूपात लिहिलेली आहे, म्हणून तिच्यासोबत जीपीएलचा मजकूरही ठेवावा लागतो. एकटी एलजीपीएल ठेवणे म्हणजे पुरवणी जोडून मूळ दस्तऐवज घरी विसरण्यासारखे आहे. दोन परवाने देत असाल तर दोन स्वतंत्र फाइली कराव्यात, एकाच फाइलीत दोन मजकूर चिकटवू नयेत.

आणि जर एमआयटीच्या मजकुराखाली कोणी ‘व्यावसायिक वापरास मनाई’ अशी ओळ जोडली असेल, तर तो बिघाड मांडणीचा राहत नाही. ओपन सोर्स इनिशिएटिव्हच्या व्याख्येप्रमाणे कोणत्याही कार्यक्षेत्रातील वापराला मनाई करणारा परवाना मुक्तस्रोत ठरत नाही. निरुपद्रवी दिसणाऱ्या ओळीनेही हेच होते. जेसन (माहिती लिहिण्याचे एक स्वरूप) याच्या सॉफ्टवेअरच्या परवान्यात ‘हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावे, वाईटासाठी नव्हे’ अशा अर्थाचे एक वाक्य आहे. त्या एका वाक्यामुळे डेबियन आणि फेडोरा तो परवाना मुक्त मानत नाहीत, आणि अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशननेही २०१६ मध्ये त्याला आपल्या निषिद्ध यादीत टाकले. अशी ओळ तुमच्या फाइलीत सापडली तर ती खोडण्याआधी ती कोणी आणि का घातली हे विचारावे. ती घालणाऱ्याला ती खरोखरच हवी असू शकते, आणि त्याचा कोड त्या अटीवरच आलेला असू शकतो.

तिसरी तपासणी: पॅकेजची माहिती काय म्हणते

इथे मी स्वतःचीच चूक सांगतो. माझ्या एका लहान पॅकेजच्या मुळाशी एमआयटीचा मजकूर होता, रीडमीत एमआयटीचे नाव होते, आणि पॅकेज डॉट जेसनमध्ये (एनपीएमला पॅकेजची माहिती देणाऱ्या फाइलीत) ‘आयएससी’ या वेगळ्याच परवान्याचे नाव लिहिलेले होते. आयएससी मी कधीच निवडला नव्हता. ‘एनपीएम इनिट’ ही आज्ञा दिल्यावर एकामागून एक प्रश्न येतात, मी प्रत्येकावर एंटर दाबत गेलो, आणि परवान्याच्या प्रश्नाचे आधीच भरून ठेवलेले उत्तर अनेक वर्षे आयएससी हेच राहिले आहे. दोन्ही परवाने मोकळेढाकळे असल्यामुळे नुकसान काही झाले नाही. परंतु दीड वर्ष ते पॅकेज एक गोष्ट सांगत होते आणि त्याची फाइल दुसरी.

याहून वाईट गफलत ‘अनलायसन्स’ आणि ‘अनलायसन्स्ड’ या दोन शब्दांची आहे. ‘अनलायसन्स’ हे कोड सार्वजनिक मालकीत सोडून देण्यासाठीचे एक लिखित समर्पण आहे; तर एनपीएमच्या रकान्यात मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या ‘अनलायसन्स्ड’चा अर्थ ‘वापराचा कोणताही हक्क कोणाला दिलेला नाही’ असा होतो. एका अक्षराच्या फरकाने अर्थ नेमका उलटा होतो. सर्व काही दान करायला निघालेल्या माणसाने दारावर कुलूप लावून ठेवल्याचे मी दोनदा पाहिले आहे.

रकान्यात लिहायचे नाव एसपीडीएक्सच्या यादीतूनच घ्यावे. एसपीडीएक्स हे लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली विकसित झालेले प्रमाण असून २०२१ मध्ये त्याला आयएसओ/आयईसी ५९६२ हा आंतरराष्ट्रीय क्रमांक मिळाला. ‘बीएसडी’ एवढेच लिहिणे या यादीच्या दृष्टीने निरर्थक आहे, कारण बीएसडीचे दोन, तीन आणि चार कलमांचे वेगवेगळे परवाने आहेत. चार कलमांच्या परवान्यातील जाहिरातीची अट बर्कलीच्या विद्यापीठाने १९९९ मध्ये आपल्या कोडपुरती काढून टाकली, पण इतरांच्या जुन्या कोडवर ती अजून लागू असू शकते. दोन परवान्यांचा संबंध सांगताना ‘अँड’ आणि ‘ऑर’ यांतला फरक जपावा. ‘एमआयटी ऑर अपाची-२.०’ म्हणजे घेणाऱ्याने दोहोंपैकी कोणताही एक निवडावा. रस्ट भाषेचा प्रकल्प याच पद्धतीने चालतो. ‘अँड’ म्हणजे दोन्हींच्या अटी एकाच वेळी पाळाव्यात. पूर्वी रस्टच्या पॅकेजांत या जागी तिरपी रेघ वापरत. ती आता टाळावी, कारण तिच्यावरून यांपैकी काहीच कळत नाही.

पायथॉनवाल्यांनी एक बदल लक्षात ठेवावा. पेप ६३९ हा पायथॉन भाषेतील सुधारणेचा प्रस्ताव २०२४ मध्ये स्वीकारला गेला आणि त्यानुसार पायप्रोजेक्ट डॉट टॉमल या पॅकेजच्या माहितीच्या फाइलीत परवाना एसपीडीएक्सच्या साध्या ओळीने लिहायचा असतो, तर मजकुराच्या फाइली वेगळ्या रकान्यात द्यायच्या असतात. परवाना सांगणारे जुने ‘क्लासिफायर’ (ठरावीक वर्गनामे) तसेच ठेवून नवी ओळ घालणे म्हणजे आणखी एक विसंगत ठिकाण तयार करणे होय.

चौथी तपासणी: जीपीएल असेल तर ‘फक्त हीच’ की ‘ही किंवा नंतरची’

जीपीएल कुटुंबातील परवाना नसेल तर हा भाग सोडून पुढे जावे.

जीपीएलचा मजकूर फाइलीत ठेवला म्हणजे घोषणा पूर्ण झाली असे अनेकांना वाटते. तो मजकूर दुसऱ्या आवृत्तीसाठी आणि तिसऱ्या आवृत्तीसाठी प्रत्येकी एकच आहे. तुम्ही ‘फक्त तिसरी’ म्हणता आहात की ‘तिसरी किंवा नंतरची कोणतीही’ म्हणता आहात, हे त्या मजकुरावरून कळूच शकत नाही. उलट, प्रोग्रॅममध्ये आवृत्तीचा क्रमांकच दिलेला नसेल तर घेणारा आजवर प्रसिद्ध झालेली कोणतीही आवृत्ती निवडू शकतो, असे दुसऱ्या आवृत्तीच्या ९ व्या कलमात आणि तिसरीच्या १४ व्या कलमात लिहिलेले आहे. म्हणजे नुसती ‘कॉपिंग’ फाइल टाकून गप्प बसणाऱ्याने, त्याला कल्पना नसताना, बरीच मोठी मोकळीक दिलेली असू शकते. म्हणूनच एसपीडीएक्सने ‘जीपीएल-३.०’ हे मोघम नाव कालबाह्य ठरवून ‘जीपीएल-३.०-ओन्ली’ आणि ‘जीपीएल-३.०-ऑर-लेटर’ अशी दोन नावे केली. गिटहबची पट्टी मात्र अजूनही मोघम नावच दाखवते. तिच्यावर विसंबू नये.

हा शब्दच्छल वाटू शकतो, पण त्याचे परिणाम थेट आहेत. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते अपाची २.० खालील कोड जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीसोबत एकत्र करता येतो, दुसरीसोबत करता येत नाही. तुमचा प्रकल्प ‘दुसरी किंवा नंतरची’ असेल तर तिसरीच्या वाटेने मार्ग निघतो. ‘फक्त दुसरी’ असेल तर तो बंद असतो. दोन्हींपैकी काय अभिप्रेत आहे हे मूळ लेखकालाच विचारावे. अंदाजाने ‘ऑर-लेटर’ लिहून टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या वतीने परवानगी देणे झाले.

पाचवी तपासणी: तयार पॅकेज उघडून पाहणे

रेपॉझिटरी स्वच्छ असते आणि पॅकेज मात्र उघडे-बोडके बाहेर जाते, हा प्रकार फार कमी लोक तपासतात. याला दहा मिनिटे पुरतात. ‘एनपीएम पॅक’ ही आज्ञा ‘ड्राय-रन’ पर्यायासह चालवावी आणि यादीत परवान्याची फाइल आहे का ते पाहावे. एकाच रेपॉझिटरीत अनेक पॅकेजे असतील तर मुळाशी असलेली फाइल प्रत्येक उपपॅकेजात आपोआप जात नाही. तिची प्रत प्रत्येक फोल्डरात ठेवावी लागते. पायथॉनची व्हील-फाइल (तयार पॅकेज) ही साधी झिप असते, ती उघडून ‘डिस्ट-इन्फो’ फोल्डरमध्ये डोकवावे.

ब्राउझरसाठी आकसवलेल्या जावास्क्रिप्टमध्ये आणखी एक सापळा आहे. आकसवणारी साधने कोडमधल्या टिपा (कॉमेंट) काढून टाकतात, आणि त्यांच्यासोबत परवान्याच्या सूचनाही जातात. टर्सरसारखी साधने उद्गारचिन्हाने सुरू होणाऱ्या किंवा ‘@लायसन्स’ असे लिहिलेल्या टिपा राखून ठेवतात, तेव्हा ही खूण सूचनेत आहे ना, हे पाहावे. एमआयटीची जी एकमेव अट आहे, ती हीच की सूचना प्रत्येक प्रतीत राहावी. ती एकमेव अटही आपली बांधणीची यंत्रणा नकळत मोडत असेल, तर उदार परवान्याचा डांगोरा पिटण्यात अर्थ नाही.

सहावी तपासणी: फाइलींचे माथे

आता एक-दोन दिवसांचे काम सुरू होते. फाइली प्रकल्पाबाहेर एकट्या फिरतात. कोणीतरी एक उपयोगी फाइल उचलून नेतो आणि मुळाशी असलेला परवाना मागे राहतो. म्हणून प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर एसपीडीएक्सची एक ओळ परवान्यासाठी आणि एक कॉपीराइटसाठी असावी. लिनक्स कर्नलने नोव्हेंबर २०१७ मधील ४.१४ आवृत्तीपासून हीच वाट धरली, कारण तिथल्या हजारो फाइलींवर परवान्याचा उल्लेखच नव्हता आणि उरलेल्यांवर तो नाना शब्दांत होता.

युरोपातील फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने ‘रीयूज’ नावाचे नियम आणि त्याच नावाचे साधन तयार केले आहे. ‘रीयूज लिंट’ चालवले की कोणत्या फाइलीवर माहिती नाही याची यादी मिळते. चित्रे किंवा ध्वनिफिती यांच्यात टीप लिहिता येत नाही, तिथे शेजारी ‘.लायसन्स’ शेपटाची छोटी फाइल ठेवतात.

मात्र ही यादी मिळाल्यावर एका झटक्यात सर्व फाइलींवर एकच ओळ चिकटवणारी स्क्रिप्ट चालवू नये. मी पूर्वी तशी चालवली आहे आणि नंतर पस्तावलो आहे: चारशे फाइलींपैकी अकरा फाइली दुसऱ्या प्रकल्पातून आलेल्या होत्या आणि त्यांच्यावरचा खरा परवाना बीएसडीचा होता. कोऱ्या फाइलींचा गिटमधला (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातला) इतिहास आधी पाहावा, त्या पहिल्यांदा कोणत्या कमिटमध्ये (नोंदलेल्या बदलात) आणि कोणत्या संदेशासह आल्या ते वाचावे, आणि मगच ओळ लिहावी. एखाद्या माथ्यावर ‘ऑल राइट्स रिझर्व्ह्ड’ दिसले म्हणून लगेच घाबरू नये. १९१० च्या ब्यूनस आयर्स करारामुळे रूढ झालेली ती जुनी शब्दावली बीएसडीच्या अनेक मजकुरांत परवान्यासोबतच आढळते. त्या शब्दांखाली परवान्याचा मजकूर नसेल, तर मात्र ती फाइल बाजूला काढून ठेवावी.

सातवी तपासणी: बाहेरून आलेले साहित्य

बाजूला काढलेल्या फाइली इथे उपयोगी पडतात. ‘व्हेंडर’, ‘थर्ड-पार्टी’, ‘लिब’ आणि ‘ॲसेट्स’ ही फोल्डरे आधी उघडावीत. मराठी प्रकल्पांत हमखास सापडणारी गोष्ट म्हणजे फॉन्ट. मुंबईच्या एक टाइप या समूहाचा ‘मुक्त’ किंवा गूगलचा ‘नोटो सान्स देवनागरी’ यांची टीटीएफ फाइल कोणीतरी ‘ॲसेट्स’मध्ये टाकलेली असते, आणि सोबतची ओएफएल (ओपन फॉन्ट लायसन्स) या परवान्याची मजकूर-फाइल डाउनलोड्समध्येच राहिलेली असते. दोन्ही फॉन्ट एसआयएल या संस्थेच्या ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. तो परवाना सॉफ्टवेअरसोबत फॉन्ट मोफत वाटू देतो, परंतु कॉपीराइटची सूचना आणि परवान्याचा मजकूर सोबत असावा, अशी त्याची अट आहे. शिवाय फॉन्ट ओएफएलखालीच राहतो, तुमच्या एमआयटीखाली येत नाही. फॉन्टने आरक्षित नाव जाहीर केले असेल आणि तुम्ही नको असलेली अक्षरे कापून फाइल लहान केली असेल, तर एसआयएल त्याला बदल मानते आणि तो बदललेला फॉन्ट त्या नावाने वाटता येत नाही. मजकुराची फाइल परत आणून ठेवली आणि रीडमीत ‘फॉन्ट वगळता उर्वरित प्रकल्प एमआयटीखाली’ अशी एक ओळ लिहिली की निम्मे काम होते.

दुसरे साहित्य स्टॅक ओव्हरफ्लोवरचे. तिथला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘नामनिर्देश-तसेच वाटा’ परवान्याखाली असतो. मे २०१८ पासूनच्या मजकुराला त्याची ४.० आवृत्ती लागू आहे. ही आवृत्ती जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत एकदिशेने मिसळता येते, एमआयटीत नाही. चार ओळींच्या तुकड्यावर हक्क लागतो का, हा वादाचा विषय आहे. चाळीस ओळींचे आख्खे फंक्शन असेल तर मी वाद घालत बसत नाही, ते नव्याने लिहून काढतो.

मोठ्या प्रकल्पात हे डोळ्यांनी होणार नाही. स्कॅनकोड टूलकिट आणि फॉसॉलॉजी ही दोन्ही मोफत साधने फाइलीच्या आतल्या मजकुरावरून परवाने ओळखतात. त्यांचा अहवाल भला मोठा येतो आणि त्यात खोटे इशारेही पुष्कळ असतात, तरी जीपीएल, एजीपीएल आणि ‘प्रोप्रायटरी’ हे तीन शब्द आधी शोधले तर पहिल्याच तासात महत्त्वाचे ते हाती लागते.

मूळ सूचना काढून टाकणे ही किरकोळ बाब आहे असे कोणी म्हणाल्यास २००८ चा जेकबसन विरुद्ध कॅटझर हा अमेरिकेतील निकाल दाखवावा. खेळण्यातल्या रेल्वेगाड्या चालवणाऱ्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या फाइली, लेखकाची नावे आणि सूचना गाळून, वापरल्या गेल्या होत्या. मुक्तस्रोत परवान्याच्या अशा अटी मोडणे हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो, असे तिथल्या अपील न्यायालयाने म्हटले.

आठवी तपासणी: परवाना देण्याचा हक्क मुळात कोणाचा

सर्वांत अवघड भाग हा, आणि इथे तांत्रिक ज्ञान फारसे कामी येत नाही. ‘गिट शॉर्टलॉग’ने योगदान देणाऱ्यांची यादी काढावी आणि ई-मेलचे पत्ते लक्षपूर्वक पाहावेत. महाविद्यालयाचा किंवा कंपनीचा पत्ता दिसला की थबकावे. आपल्या कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे नोकरीच्या कामात लिहिलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारी कंपनी असते. म्हणजे सहकाऱ्याने कामाच्या ओघात लिहिलेल्या कोडवर एमआयटीची ओळ लिहिण्याचा हक्क त्याला नसण्याची शक्यता आहे. उलट बाजूने, बाहेरच्या माणसाकडून कंत्राटावर लिहून घेतलेला कोड आपोआप संस्थेचा होत नाही, त्यासाठी लेखी हस्तांतरण लागते. त्या हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल तर १९ व्या कलमाप्रमाणे ती ५ वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. कंत्राटावर लिहून घेतलेला कोड ‘आमचाच आहे’ म्हणून जगभरासाठी खुला करणाऱ्या किती संस्थांनी आपला करार या नजरेने वाचला असेल, याबद्दल मला शंका आहे.

परवाना बदलायचा असेल तर ज्यांचा कोड आत आहे, त्या सर्वांची संमती लागते किंवा ज्यांची मिळत नाही त्यांचा भाग नव्याने लिहावा लागतो. ओपनएसएसएल या माहिती सांकेतिक करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाने जुना परवाना सोडून अपाची २.० स्वीकारण्यासाठी २०१७ मध्ये आपल्या जुन्या योगदानकर्त्यांना ई-मेल पाठवायला सुरुवात केली. नव्या परवान्याची ३.० आवृत्ती २०२१ मध्ये बाहेर आली. पुढची अडचण टाळायची असेल तर प्रत्येक कमिटवर ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची ओळ मागावी. लिनक्समध्ये २००४ पासून ही पद्धत आहे. हा कोड देण्याचा हक्क मला आहे, असे योगदानकर्ता त्या ओळीने सांगतो.

कुठे थांबावे आणि वकील गाठावा

पहिल्या सहा तपासण्या स्वतः कराव्यात, त्यासाठी कोणालाही पैसे देऊ नयेत. सातवीत मजकुराची फाइल परत आणून किंवा तुकडा नव्याने लिहून प्रश्न सुटत असेल तर तिथेही वकिलाची गरज नाही. पुढील परिस्थितींत मात्र कीबोर्डवरून हात काढावा आणि बौद्धिक संपदेचे, त्यातही सॉफ्टवेअरचे, काम करणाऱ्या वकिलाकडे जावे: कोणाची कायदेशीर नोटीस आली असेल, नोकरी देणाऱ्या संस्थेने कोडवर हक्क सांगितला असेल, खासगी मालकीचा कोड आत सापडला असेल आणि तो प्रकाशित होऊन गेला असेल, योगदानकर्ता मृत असेल किंवा सापडत नसेल आणि त्याचा भाग काढता येत नसेल, अथवा प्रकल्प कोणाला विकला जात असेल. ओळखीतल्या मालमत्तेच्या वकिलाला विचारून वेळ घालवू नये, तो बिचारा तुमच्याकडूनच जीपीएल म्हणजे काय हे समजून घेईल आणि त्या वेळेची फी लावेल.

जाताना योगदानकर्त्यांची यादी, स्कॅनरचा अहवाल, वादातल्या फाइली पहिल्यांदा आल्या त्या कमिटचे क्रमांक आणि तारखा, नेमणूकपत्रे किंवा कंत्राटे, आणि कोणती आवृत्ती कोणत्या परवान्याखाली कधी प्रकाशित झाली याचा एक पानी तक्ता सोबत न्यावा. तोपर्यंत नवी आवृत्ती प्रकाशित करू नये, परवान्याची फाइल गुपचूप बदलू नये, आणि ‘फोर्स पुश’ करून इतिहासातून काहीही पुसू नये. कोणता कोड कोणाकडून आणि कधी आला याचा तुमच्याकडे असलेला सर्वांत चांगला पुरावा तो इतिहासच असतो.